कालेरेपुढला क्रूस

मंगळवारी सकाळी इटालियन कोशाच्या शेवटच्या, पुरवणी खंडाच्या मुद्रितांचा गठ्ठा टेबलावर आला तेव्हा ओरेत्ता पिएरोनीने रोजच्यासारखा आधी चष्मा पुसला, मग खिडकी लावली, मग पहिलं पान उलटलं. आणि तिसऱ्या पानावर, डाव्या रकान्यात, कालेरे या क्रियापदाच्या अलीकडे तिला क्रूस दिसला. क्रूस छोटासाच, छापखान्यातला, मुंगीएवढा. मेलेल्या शब्दाला कोशात असा क्रूस लावतात, म्हणजे वाचणाऱ्याने समजावं की हा गेला, याच्या दाराशी आता थांबण्यात अर्थ नाही. एकतीस वर्षांत ओरेत्ताने स्वतःच्या हाताने असे शेकड्यांनी क्रूस लावले होते. लावताना हात कधी अडखळला नव्हता. उलट एखाद्या दिवशी सात-आठ लागले तर आज बरं काम झालं असं म्हणत ती घरी जायची. पण हा तिने लावलेला नव्हता. कालेरेची नोंद तिने तीन आठवडे खपून लिहिली होती आणि क्रूसाशिवाय दिली होती. आपण बाजारात गेलेलो असताना कुणी आपल्याच दारावर काळ्या चौकटीची शोकपत्रिका डकवून जावं, आणि आत तर आपली माणसं जेवत बसलेली असावीत, तसं तिला झालं. समासात शिसपेन्सिलीने लिहिलं होतं: ‘फोंतानाल्दोची वही, १९३१. कुठे आहे? कपाटाचा क्रमांक नाही. संगणकयंत्र क्रमांकाशिवाय पुरावा घेत नाही. शुक्रवारच्या बैठकीत मूळ वही दाखवावी, अन्यथा क्रूस कायम.’ खाली नव्या प्रमुख संपादकांची, प्रोफेसर व्हेत्तोरींची, सुबक सही होती. ओरेत्ताचे कान तापले. वय पंचावन्न, आणि कान मात्र शाळेतल्या पोरीचे.

कालेरे. मूळ लॅटिन. अर्थ: तापलेलं असणं, ऊब असणं. भट्टी तापलेली असते, वाळू तापलेली असते, आजाऱ्याचं कपाळ तापलेलं असतं. त्या सगळ्यांना रोमन लोक हेच क्रियापद लावत. मग शतकं गेली आणि केव्हातरी कुणीतरी (हे ‘कुणीतरी’ कोशवाल्यांना जन्मभर छळतं) असं म्हणालं की अमक्या गोष्टीची मला आच लागते, म्हणजे ती मला लागून आहे, तिच्यावाचून माझं भागत नाही. आल्प्सच्या पलीकडचे गाणारे तसं म्हणू लागले, त्यांचं ऐकून अलीकडचे कवी म्हणू लागले. या क्रियापदाला ‘मी’ नाही. ते आपण करायचं नसतं. ते बाहेरून येतं आणि माणसाला लागतं, मला, तुला, तिला. आणि गंमत अशी की जुन्या कागदांत ते सापडतं ते बहुतेक नकारातच. नॉन मी काले. मला त्याची आच नाही. तुझ्या रागाची नाही, राजाच्या कृपेची नाही, मरणाची नाही. सहाशे वर्षं लोक हेच सांगत आले की मला कशाचीच आच नाही, आणि सांगता सांगता ते क्रियापद गार पडत गेलं. आता वकील आणि प्राध्यापक ते थट्टेत वापरतात, तेही एक भुवई उंचावून. गेल्या शतकातल्या कवींनी वापरलंय, पण कवींचं काय, ते मेलेल्या शब्दांवरच पोट भरतात. हे सगळं ओरेत्ताने नोंदीत व्यवस्थित लिहिलं होतं. फक्त शेवटी, आपल्या शतकातला जिवंत पुरावा म्हणून, एक चिठ्ठी, म्हणजे वाक्य आणि त्याचं ठिकाण उतरवलेला कागद, जोडली होती. ती चिठ्ठी खोटी होती.

खोटी म्हणजे कशी खोटी, हे ती मंगळवारी दिवसभर स्वतःला समजावत बसली. समोरचं पान उलटत नव्हतं. छप्पन साली ती या कार्यालयात लागली ती हुशारीमुळे नव्हे, अक्षरामुळे. तेव्हा कार्यालय नदीकाठी होतं, भिंतींना ओल, आणि म्हातारे प्रोफेसर कासाल्ती एका चिरूटावर सकाळ काढायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला चिठ्ठ्यांच्या लाकडी खणांच्या रांगेपुढे उभं केलं आणि सांगितलं, “पोरी, इथं तोंडचं चालत नाही. कागदावरचं चालतं. पुस्तक समोर उघडं ठेवायचं, ओळीवर बोट ठेवायचं आणि उतरवायचं. आठवणीतून एक अक्षर लिहिलंस तर चोरी समजेन.” तिने मान हलवली. दहाव्या की बाराव्या दिवशी, दुपारी डबे उघडलेले असताना, कुणीतरी म्हणालं की खिडकीजवळचं टेबल दुसऱ्याला देताहेत, तुझं काय म्हणणं, आणि ओरेत्ता पावाचा तुकडा मोडता मोडता सहज म्हणून गेली, “नॉन मी काले.” सगळे तिच्याकडे वळले. मग जे हसले ते हसले. एकाच्या नाकात वाइन गेली. एक जण उठून तिच्यापुढे वाकला आणि म्हणाला, “बाईसाहेब, आपण कुठल्या थडग्यातून आलात?” ती म्हणाली, “माझी आई म्हणते असं.” त्यावर ते आणखीच हसले. तिची आई तेव्हा याच शहरात लोकांच्या चादरी धुवायची, आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्या दुपारी ओरेत्ताने एक कोरी चिठ्ठी घेतली. पुस्तक समोर नव्हतं. ओळीवर बोट नव्हतं. तिने सुरेख अक्षरात लिहिलं: ‘राणी एर्मेलिंदा, मे महिन्याचं नाटक, हस्तलिखित वही, फोंतानाल्दो, १९३१, पान चौदा: तुझ्या मुकुटाची मला आच नाही.’ खणात सारली आणि खण बंद केला. तिला वाटलं, आता हसा.

वही मात्र होती. निदान एके काळी होती. तिचे वडील अदेल्मो त्या वहीचे मालक नव्हते, तिचे चाकर होते. वर डोंगरात, त्यांच्या फोंतानाल्दो गावी, मे महिन्यात चेस्टनटच्या झाडांमधल्या मोकळ्या जागेत नाटक गायलं जायचं. मेंढपाळ आणि लाकूडतोडे पुठ्ठ्याची चिलखतं घालून राजे व्हायचे, आणि प्रत्येक राजाच्या पाठीशी दोन पावलांवर एक माणूस रोजच्या कपड्यांत, डोक्याला टोपी, हातात उघडी वही घेऊन चालायचा आणि पुढची ओळ त्याच्या कानात सांगायचा. राजा तलवार उपसून पळाला की हाही पळायचा. राणी मूर्च्छा येऊन पडली की हा वाकायचा. तो सगळ्यांना दिसायचा आणि त्याच्याकडे कुणी बघायचं नाही. बघायचं नसतं, तसा रिवाजच. तो माणूस म्हणजे तिचे वडील. लहानपणी ओरेत्ताला वाटायचं की खरं बोलतो तो हाच, बाकीचे नुसते मोठ्याने त्याची नक्कल करतात. बेचाळीस साली ते रशियाला गेले आणि त्रेचाळीसच्या जानेवारीत बेपत्ता झाले. मेले असा कागद कधी आला नाही. लढाई संपल्यावर पाद्रीबाबा यादी घेऊन घरी आले, चौकात संगमरवरी पाटी बसवायची होती, नावापुढे क्रूस कोरायचा होता. आई दारातच उभी राहिली. “तुम्ही पाहिलंत का त्याला मेलेला?” पाद्रीबाबा म्हणाले, “झेलिंदा, सगळ्यांनी नावं दिलीत. तुझ्याच नवऱ्याचं नसेल तर लोक काय म्हणतील?” आई म्हणाली, “नॉन मी काले.” आणि दार लावून घेतलं. ओरेत्ता आत टेबलाखाली धाकट्या भावाला, लीदोला, धरून बसली होती. दार लावल्यावर आई किती तरी वेळ कडीवर हात ठेवून उभी होती, हे त्या टेबलाखालून फक्त तिने पाहिलं. पाटी बसली तेव्हा तीत अदेल्मो पिएरोनी नव्हते, आणि आजही नाहीत.

बुधवारी ब्रुनेरो फालूजी तिच्या टेबलाशी आला. ब्रुनेरो तिच्याबरोबरचा, अक्षर ‘प’चा धनी, सिगरेटच्या राखेने भरलेला कोट, आणि आतल्या बातम्या आधी त्याच्या कानावर. तिने त्याला सगळं सांगितलं. तो न हसता ऐकत राहिला, मग म्हणाला, “एवढंच ना? पुरात गेली म्हण.”

“कोण?”

“वही. सहासष्टच्या पुरात. आपलं तळघर छतापर्यंत भरलं होतं, सगळ्या गावाला माहीत आहे. या शहरात जे कधी नव्हतंच तेसुद्धा पुरात गेलंय. माझ्या मेहुण्याची पदवी पुरात गेली, आणि तो शाळेत नापास झालेला.”

“पण ती तळघरात नव्हती.”

“तू म्हणालीस तर होती. व्हेत्तोरी पिसाहून आलाय, पुराबद्दल कुणाला प्रश्न विचारायची त्याची छाती नाही. ‘पुरात नष्ट’ असा एक खास क्रमांकच आहे यंत्रात, बघ. त्यावर टाकलं की क्रूस गेला, तुझी चिठ्ठी वाचली, आणि पहिल्या पानावर तुझं नावही राहिलं. एकतीस वर्षं घासलीस बाई. शेवटच्या खंडाला हट्ट करू नकोस.”

ओरेत्ता म्हणाली, विचार करते. आणि तिने खरंच विचार केला. पुरानंतरचे आठवडे तिला आठवले. चिखलात गुडघ्यापर्यंत उभं राहून त्यांनी एकेक खण बाहेर काढला होता, चिठ्ठ्या दोरीवर चिमट्यांनी वाळत घातल्या होत्या, आई कामावरून परत येताना चिमट्यांची पिशवी घेऊन यायची. किती तरी चिठ्ठ्या लगद्यासारख्या झाल्या. आणि कालेरेचा खण कोरडा राहिला होता, कारण तो त्या आठवड्यात वरच्या मजल्यावर होता. तिची खोटी चिठ्ठी वाचली आणि खऱ्या चिठ्ठ्या नदीने नेल्या, याचं तिला तेव्हा हसू आलं होतं. आता येईना. पुलावरून घरी जाताना खाली पाणी मातकट आणि निवांत वाहत होतं. या पाण्यावर आणखी एक ओझं टाकायला काय हरकत होती? पण तिच्या मनाने घेतलंच नाही. खोट्याला पुराव्याचा मुकुट एकदा घातला होता, तो रागाने. आता दुसऱ्यांदा घालायचा तो भीतीने. आणि रागाची तिला लाज नव्हती, भीतीची होती.

गुरुवारी दुपारी ती जेवायला घरी गेली तेव्हा आई चुलीपाशी उभी राहून नेच्ची करत होती. एकोणऐंशी वर्षांची बाई, पाय सुजलेले, पण चेस्टनटच्या पिठाची धिरडी दुसऱ्या कुणी उलटलेली तिला खपत नसत. लांब दांड्याचे दोन लोखंडी तवे एकमेकांवर दाबून ती त्यांना झोपलेल्या जनावरासारखं कुशीवर वळवायची. ओरेत्ताने कोट काढला, बसली, आणि ताटाकडे बघत विचारलं, “आई, बाबांची वही आठवते?”

“लाल पुठ्ठ्याची?”

“निळ्या.”

“लाल. निळा पुठ्ठा तुझ्या शाळेच्या वहीचा. बस, गरम आहे तोवर खा.”

ओरेत्ताने ताट जवळ ओढलं. एकतीस वर्षं तिच्या डोळ्यांपुढे वही निळी होती. ती म्हणाली, “त्यात राणी एर्मेलिंदा राजाला म्हणते ना, तुझ्या मुकुटाची मला आच नाही म्हणून?”

आई तवा हातात घेऊन वळली. “कोण, एर्मेलिंदा? ती कसली म्हणते! ती पाय धरते राजाचे. दया करा, स्वामी, म्हणत सहा कडवी रडते. तुझा बाप म्हणायचा, एवढी रडकी बाई मी जन्मात पाहिली नाही आणि दरवर्षी मला हिच्या मागे मागे फिरावं लागतं.”

“मग ते कुठे होतं? नॉन मी काले?”

“कुठे होतं म्हणजे? माझ्या तोंडात. माझ्या आईच्या तोंडात. वहीत कशाला असेल? वहीत राजे-राण्यांचं असतं.”

ओरेत्ताने घास तसाच धरला. म्हणजे पान चौदा नव्हतं, ओळ नव्हती, राणी नव्हती. खोट्याच्या आत खऱ्याची एक बी आहे असं ती एवढी वर्षं मानत आली होती, तीही नव्हती. डोंगरातल्या त्या मोकळ्या जागेत पुठ्ठ्याचा मुकुट लाथाडून उभी राहिलेली राणी तिने दाराच्या कडीवर हात ठेवून उभ्या असलेल्या बाईवरून रचली होती, आणि मग त्या बाईचं नाव खोडून तिथे राणीचं घातलं होतं. कारण राणीवर कुणी हसलं नसतं. हे तिला इतकं स्वच्छ दिसलं की तिने ताट पुढे सारलं.

“आई, तू कधी ते लिहिलंयस का? एखाद्या पत्रात? लीदोला?”

“मला लिहिता कुठे येतं ग? सही येते. तीही तूच शिकवलीस.” आई समोर बसली, गुडघ्यावर हात ठेवून. “झालंय काय तुला? दोन दिवस बघतेय, मेलेल्या मांजरासारखं तोंड करून फिरतेस.”

“ऑफिसात म्हणतात ते क्रियापद मेलंय.”

“कोण म्हणतं? डॉक्टर आला होता बघायला?” आणि ती आपल्याच बोलण्यावर हसली, दात नसलेलं, मोकळं हसू. मग गंभीर झाली. “ती वही हवी होती का तुला त्यासाठी? मी जाळायला नको होती का?”

“मी फक्त विचारतेय, आई.”

“चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात आपण झोपडीत लपलेलो, लाकूड ओलं होतं. कोरडं होतं तेवढं सैनिकांनी नेलं होतं. रोज पेटवायला दोन पानं लागायची, अडीच महिने सरपण पुरवून पुरवून वापरलं. लीदोचे ओठ निळे पडायचे. तू तर बोलायचीच बंद झाली होतीस.” आईने टेबलावरचा पिठाचा चुरा बोटाने गोळा केला. “पान फाडलं की आधी बघून घ्यायचे. वाचता येत नव्हतं, नुसतं बघायचे. अक्षर त्याचं. मग टाकायचे. तुझ्यासारखी शिकलेली असते तर कदाचित जाळवलं नसतं, आणि पोरगा गेला असता.”

लीदो आज लूक्कात ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो, शंभर किलोचा आहे, आणि थंडी सोसत नाही म्हणून मे महिन्यातही मफलर घालतो. ओरेत्ताला त्या झोपडीतला धूर आठवला, चेस्टनट वाळवायची काळी झोपडी, दिवसाढवळ्या अंधार, आणि कागद पेटताना क्षणभर उजळलेला आईचा चेहरा. ऊब यायची ती कागदाची नव्हे, मागून लाकूड धरलं म्हणजे यायची. पण तिला वाटायचं की वडिलांचे शब्दच तापताहेत. कालेरे: तापलेलं असणं. तीन आठवडे ती ग्रंथालयात या क्रियापदाचा पहिला अर्थ शोधत बसली होती, आणि तो तिच्या पाठीला तेव्हाच लागलेला होता. तिला आईचा हात धरावासा वाटला. त्यांच्या घरात हात धरायची पद्धत नव्हती, म्हणून तिने ताट परत ओढलं आणि दोन नेच्ची जास्त खाल्ली.

“त्यांना काय सांगणार आहेस?” आईने विचारलं.

“खरं सांगितलं तर माझं नाव जाईल पुस्तकावरून.”

“आणि खोटं सांगितलंस तर?”

“तर राहील.”

आईने ताटं एकावर एक ठेवली. सल्ला देणं तिला कधीच जमलं नव्हतं. “कॉफी ठेव,” ती म्हणाली. “माझे पाय दुखतात.”

शुक्रवारी अकराला बैठक भरली. लांब टेबल, सात माणसं, आणि टोकाला इतिवृत्त लिहिणाऱ्या सिन्योरा दिर्चे. त्यांच्यापुढे बांधीव नोंदवही, पानांवर छापील क्रमांक, शाईचं पेन. बैठकीत जे बोललं जाईल ते दिर्चेबाई तिथल्या तिथे उतरवत, उठण्यापूर्वी सगळे सह्या करत, आणि एकदा उतरलेलं खोडायला मनाई होती. कुणा पूर्वीच्या प्रमुखाने शब्द फिरवला होता तेव्हापासूनचा हा दंडक. प्रोफेसर व्हेत्तोरी चव्वेचाळीस वर्षांचे, नीट भांग, मृदू आवाज. ते दुष्ट असते तर ओरेत्ताला सोपं गेलं असतं. ते दुष्ट नव्हते आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हेच तर झोंबत होतं. ‘अ’पासून एकेक वादाचा मुद्दा उरकत ते कालेरेवर आले आणि त्यांनी सौजन्याने तिच्याकडे पाहिलं.

“सिन्योरीना पिएरोनी, ती वही?”

ब्रुनेरो छताकडे बघत होता. ओरेत्ता उठली. बसून बोलायचा रिवाज होता, तरी उठली. पिशवीतून तिने छप्पन सालची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. “वही नाही. चव्वेचाळीस साली जळाली. ही चिठ्ठी मी बारा वर्षांनी लिहिली, समोर काहीही नसताना. आणि वही असती तरी उपयोग नव्हता, कारण हे वाक्य तिच्यात नव्हतंच. मी रचलं. चिठ्ठी खोटी आहे.”

दिर्चेबाईंच्या पेनाचा आवाज तेवढा येत होता.  ओरेत्ताने दुसरी चिठ्ठी काढली, कोरी करकरीत, त्याच सुरेख अक्षरातली. “ही खरी. नॉन मी काले. साक्षीदार: झेलिंदा पिएरोनी, वय एकोणऐंशी, धोबीण, जन्म फोंतानाल्दो. ती हे जन्मभर बोलत आली आहे. तिची आईही बोलायची. कुणाला ऐकायचं असेल तर घर पुलापलीकडे आहे, दुपारी एकला या.”

व्हेत्तोरींनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या. “आपण तोंडी पुरावा घेत नाही, सिन्योरीना. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एकदा घेतला की उद्या प्रत्येक जण आपल्या आईला घेऊन येईल.”

“येऊ देत की. प्रत्येकाला आई असतेच.”

कुणी हसलं नाही. व्हेत्तोरींनी चष्मा काढला, डोळे चोळले. “मला हे बोलायला आवडत नाही. चिठ्ठी खोटी ठरली तर तुमच्या सगळ्याच चिठ्ठ्या पुन्हा तपासाव्या लागतील. नियमाप्रमाणे तुमचं नाव मुखपृष्ठामागच्या यादीतून जाईल. या खंडातून, आणि आधीच्या सहांच्या पुनर्मुद्रणातूनही. पण समजा,” त्यांनी दिर्चेबाईंकडे एक नजर टाकली आणि आवाज आणखी खाली आणला, “समजा तुमच्या आठवणीत गफलत होतेय. समजा वही इथे आली होती आणि पुरात गेली. मी इथेच थांबायला तयार आहे. एकतीस वर्षांचं नाव आहे तुमचं. ते पुसलं जाईल. त्याचं तुम्हाला काहीच नाही?”

हा माणूस आपल्याला वाचवायला निघालाय हे ओरेत्ताला कळलं, आणि तिला त्याच्याबद्दल माया वाटली, आणि त्याच क्षणी असा संताप आला की टेबलाची कड तिने घट्ट धरली. नाव. आधीच्या सहा खंडांत बारीक टायपात, वरून चौथी ओळ. पहिला खंड आला तेव्हा आईने ती ओळ बोटाने चाचपून पाहिली होती. पुस्तकाच्या दुकानात गेलं की ओरेत्ता अजून चोरून ते पान उघडायची. आणि ते ठेवायचं असेल तर तिने पुन्हा एकदा त्या बाईला खोलीबाहेर उभं करायचं आणि म्हणायचं की ही इथं नव्हती, इथं एक राणी होती, ती बुडाली.  तिला वाटलं आता रडू येणार. आलं ते भलतंच.

“नॉन मी काले,” ती म्हणाली.

तिला जाणवलं की ओळीच्या शेवटी दिर्चेबाईंचं पेन थांबलंय.

“लिहा,” ओरेत्ता म्हणाली. “जसं बोलले तसं.”

“तसंच?” दिर्चेबाईंनी चष्म्यावरून विचारलं.

“तसंच. कोण बोललं तेही लिहा. झेलिंदाची मुलगी असंही लिहा.”

व्हेत्तोरी हात वर करून म्हणाले, “याची गरज नाही, सिन्योरा, हा आपसातला—” आणि थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उमटलं. ते आधी विद्वान होते, मग प्रमुख. त्यांना सगळ्यात आधी कळलं.

“प्रश्न लिहून झालाय, प्रोफेसर,” दिर्चेबाई शांतपणे म्हणाल्या. “उत्तराची ओळ कोरी ठेवता येत नाही.” आणि त्यांनी लिहिलं. लिहिताना ओठ हलवत होत्या.

ब्रुनेरोचे खांदे हलायला लागले. “सही, तारीख, पानाचा क्रमांक,” तो म्हणाला, “आणि सात डॉक्टर साक्षीला. कुठल्या कवीला मिळालं होतं हे? यंत्राला सांगा, घे म्हणावं.”

“हे तुम्ही ठरवून केलंत,” व्हेत्तोरी ओरेत्ताला म्हणाले.

“नाही. तोंडातून गेलं. ठरवून मी एकदाच केलं होतं, ते तुमच्यासमोर पडलंय.”

नोंदवही टेबलावरून फिरू लागली. एकेकाने सही केली, कुणी घाईने, कुणी वाचून. शेवटी ती व्हेत्तोरींपुढे आली. त्यांनी ते पान दोनदा वाचलं, बोट ओळीवर ठेवून. मग पेनाचं टोपण काढलं, सही केली आणि खाली जास्तीची म्हणून वेळही घातली, बारा वाजून दहा मिनिटं. “क्रूस निघेल,” ते वर न बघता म्हणाले. “तुमचं नावही निघेल, सिन्योरीना. दोन्ही मीच कळवीन छापखान्याला.”

“बरं,” ओरेत्ता म्हणाली. पिशवी उचलली आणि बाहेर पडली.

जिन्यात ब्रुनेरोने तिला गाठलं. तो धापा टाकत होता आणि हसू अजून त्याच्या तोंडावर होतं. मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि ते गेलं. तिच्या गालांवर लाल चट्टे उठले होते, आणि ती भिंतीला पाठ लावून उभी होती.

“ओरे,” तो म्हणाला. “खरंच तुला काही नाही ना त्याचं?”

“गाढवा,” ती म्हणाली, “जळतेय मी. नखशिखांत जळतेय. एकतीस वर्षं माझं नाव होतं तिथे.” तिने नाक पुसलं. “ज्याला काही नसतं तो कशाला म्हणेल असं? तो गप्प जेवतो.”

ब्रुनेरोने खिशातून सिगरेट काढली आणि पेटवायची विसरला. ती पायऱ्या उतरू लागली, कठड्याला हात न लावता, भराभरा. एकला आई जेवायला थांबायची.